मालट्रकची मागची कमान : जड मालासाठी निवड

मालट्रकची मागची कमान म्हणजे मागचा ॲक्सल आणि चेसिस यांच्यामध्ये बसवलेला पोलादी पाट्यांचा संच. हौद्यातल्या मालाचे बहुतेक वजन ती पेलते, ते ॲक्सलच्या हाऊसिंगवाटे चाकांवर उतरवते आणि रस्त्याचे धक्के चेसिसपर्यंत पोचण्याआधी बरेचसे जिरवते. जालना जिल्ह्यात तिच्या निवडीचा प्रश्न रोजचा आहे. जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये भंगार व बिलेट येतात आणि बांधकामाच्या सळया बाहेर पडतात. अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यात ऊस, इतरत्र कापूस, मोसंबी आणि द्राक्षे. गाडी मागून बसू लागली की पाटे वाढवून घेणे हा गॅरेजमधला नेहमीचा उपाय. तो कधी योग्य असतो, पण अनेकदा खरे दुखणे कमानीत नसतेच.

कमान बळकट केल्याने गाडीची वजन वाहण्याची क्षमता वाढत नाही. ती क्षमता हाऊसिंग, हबचे बेअरिंग, रिम, टायर, ब्रेक आणि चेसिस यांतल्या सर्वांत कमकुवत भागावर ठरते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ॲक्सलभाराच्या मर्यादा वाढवल्या. चार टायरच्या एकेरी ॲक्सलसाठी ती १०.२ टनांवरून ११.५ टन झाली आणि जोडॲक्सलसाठी १९ वरून २१ टन. दोन ॲक्सलच्या सहाचाकी गाडीचे मालासह एकूण वजन त्यामुळे १८.५ टनांपर्यंत, तर दहाचाकीचे २८.५ टनांपर्यंत जाऊ शकते. मात्र एखाद्या गाडीला लागू होतो तो तिच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचाच आकडा. टायरचा हिशेबही वेगळा मांडावा लागतो. १०.०० आर २० मापाच्या १६ प्लायच्या रेडियल टायरवर १४६/१४३ असा भारांक असतो. जोडीत बसवल्यावर असा एक टायर २,७२५ किलो पेलतो, म्हणजे चार टायर मिळून १०,९०० किलो. हा भार ११.५ टनांपेक्षा कमी आहे. १४९/१४६ भारांकाचा १८ प्लायचा टायर घेतला तर चौघांची बेरीज १२,००० किलो होते. १६ प्लायचे टायर असलेल्या गाडीत कमानीआधी टायर बदलायला हवेत, आणि हे टायरच्या बाजूवरचे आकडे वाचूनच कळते.

वजन किती आहे याइतकेच ते कोठे ठेवले आहे हेही महत्त्वाचे. सळईच्या वाहतुकीत ते ठळकपणे दिसते. पोलादाच्या एका घनमीटरचे वजन सुमारे ७,८५० किलो. त्यामुळे दहा टन सळई हौद्याच्या तळाशी थोडीच जागा व्यापते आणि ती पुढे-मागे कोठेही रचता येते. सळई सहसा १२ मीटर लांब असते. चाळीस फुटी ट्रेलरवर ती सरळ मावते, लहान गाडीत मात्र भारे दुमडून भरावे लागतात किंवा टोके मागे बाहेर राहतात. पुढच्या व मागच्या ॲक्सलमध्ये ४.८ मीटर अंतर असलेली सहाचाकी गाडी घेऊ. दहा टन मालाचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या ०.६ मीटर पुढे असेल तर मालाचे ८.७५ टन मागे पडतात आणि १.२५ टन पुढे. तोच माल एक मीटर मागे सरकला तर मागच्या ॲक्सलवर १०.८३ टन येतात आणि पुढचा ॲक्सल उलट ०.८३ टनाने हलका होतो. एक किलोही न वाढवता मागे दोन टनांहून अधिक भार चढला, आणि स्टिअरिंगची पकड सैल झाली. ही गाडी मागून बसते ती भरणीमुळे. पाटे वाढवले तर ती सरळ दिसू लागेल, पण पुढची चाके हलकीच राहतील. म्हणून आधी वजनकाट्यावर पूर्ण गाडीचे आणि मग फक्त मागच्या चाकांचे वजन करून घेणे हीच निवडीची पहिली पायरी.

भार मर्यादेत आहे, भरणीही बरोबर आहे आणि तरीही कमान सपाट होत असेल, तर ती थकलेली असते किंवा त्या कामासाठी मऊ असते. थकलेल्या कमानीचे पाटे पुन्हा वाक देऊन बसवतात. त्याने उंची परत येते, पण पोलादाचा थकवा जात नाही. जड कामासाठी नवा संच घेणेच बरे. कमानीचा ताठपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. दहा सारख्या पाट्यांत अकरावा टाकला तर ताठपणा सुमारे दहा टक्के वाढेल. सगळे पाटे १२ ऐवजी १३ मिलिमीटरचे घेतले तर तो सुमारे २७ टक्के वाढतो. म्हणूनच जुन्या संचात एखादाच जाड पाटा घुसवणे वाईट. तो आपल्या वाट्यापेक्षा जास्त भार ओढतो, तितकेच वाकूनही त्याच्या पृष्ठभागावर जास्त ताण येतो आणि बहुधा तोच आधी तुटतो. तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडणे तर सर्वस्वी चूक. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेचे पाणी उतरते, आणि तडा पुन्हा तेथेच जातो.

मागचा ॲक्सल रिकाम्या गाडीत जेवढा भार वाहतो त्याच्या तिप्पट-चौपट भार भरलेल्या गाडीत वाहतो. एकाच ताठपणाची कमान दोन्ही वेळा नीट वागू शकत नाही. हेल्पर कमान त्यासाठी असते. मुख्य कमान ठरावीक दबली की वरच्या हेल्परची टोके चेसिसवरच्या ब्रॅकेटला टेकतात आणि तेथून पुढे दोन्ही मिळून भार घेतात. एका बाजूने माल आणि दुसऱ्या बाजूने रिकामी परतणाऱ्या गाडीला मुख्य पाटे वाढवण्यापेक्षा योग्य हेल्पर केव्हाही चांगला. अति ताठ कमानीची रिकामी गाडी खड्ड्यांत उड्या मारते, आणि काळ्या मातीवरच्या, पावसाळ्यात फुगून वर-खाली झालेल्या रस्त्यांवर हा त्रास अधिक जाणवतो.

ब्रेकचा धोका फारसा कोणी लक्षात घेत नाही. अनेक गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. चेसिस ॲक्सलच्या किती जवळ आली यावरून त्याला भार कळतो. पाटे वाढवले की चेसिस पुरेशी खाली येत नाही, व्हॉल्व्ह गाडी हलकी समजतो आणि भरलेल्या गाडीला मागे अपुरा ब्रेक मिळतो. कमान बदलल्यावर हा व्हॉल्व्ह उत्पादकाच्या मापानुसार पुन्हा जुळवणे अनिवार्य आहे.

दहाचाकी गाडीत दोन मागचे ॲक्सल भार वाटून घेतात. त्यामुळे तेथे पाट्यांइतकेच टॉर्क रॉडचे बुश आणि मधल्या पिनांची झीज तपासावी लागते. एका ॲक्सलचे टायर लवकर झिजत असतील तर भारवाटप बिघडल्याची शंका घ्यावी. कापसाच्या गाडीचा प्रश्न वेगळा आहे. सुमारे १७० किलोच्या गाठी उंच रचल्या की गुरुत्वमध्य वर जातो आणि गाडी वळणावर झुकते. तेथे अँटी-रोल बार आणि चांगले शॉक ॲब्सॉर्बर जास्त उपयोगी पडतात. कडवंचीसारख्या गावांतून द्राक्षे नेणाऱ्या पिकअपला ताठपणा नको, कमी हादरे हवेत. मधोमध जाड व टोकांकडे निमुळते होत जाणारे थोडे पाटे असलेली पॅराबोलिक कमान वजनाने हलकी असते, तिच्यात पाट्या-पाट्यांतले घर्षण कमी होते आणि प्रवास मऊ होतो. हवेच्या फुग्यांची व्यवस्था भार कमी-जास्त झाला तरी उंची कायम ठेवते. नाजूक मालासाठी ती उत्तम, पण भंगाराच्या यार्डात फुगा फाटण्याची भीती मोठी.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि प्रमाणपत्रावर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. त्याच मॉडेलसाठी उत्पादकाने दिलेला जड कामाचा संच घेणे हा सुरक्षित मार्ग. पाटे वाढवून जादा माल भरला तर कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड होतो, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्चही भरावा लागतो. रस्त्याची झीज ॲक्सलभाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. दहा टक्के जादा भाराने ती सुमारे ४६ टक्के अधिक होते.

कमान दोन्ही बाजूंची एकाच वेळी बदलावी, ती ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे घ्यावेत आणि ते ठरलेल्या टॉर्कनेच आवळावेत. पहिल्या काही खेपांनंतर पाटे बसून बोल्ट सैल पडतात, तेव्हा ते पुन्हा आवळावे लागतात. सैल यू-बोल्टमुळे पाट्यांना मधोमध जोडणाऱ्या सेंटर बोल्टच्या छिद्रापाशी ताण येतो, आणि पाटे बहुधा तेथेच तुटतात. सेंटर बोल्टच तुटला तर ॲक्सल जागचा सरकतो आणि गाडी तिरकी धावू लागते.