दारू प्यायल्यावर चेहरा लाल का होतो?

महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर व्यसनमुक्तीचे काम करताना हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. यकृतात दारूपासून आधी ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य बनते. एएलडीएच२ हे एन्झाइम ते निकामी करते. एन्झाइम जन्मतः कमजोर असेल तर विष साठते, रक्तवाहिन्या फुगतात, चेहरा तापतो, छाती धडधडते. जपान, चीन, कोरियात सुमारे तिघांत एकाला हा त्रास होतो, भारतात क्वचितच. अशा माणसाने पिणे चालू ठेवले तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. ‘लाली आली म्हणजे रक्त वाढले’ ही निव्वळ गुत्त्यावरची थाप.

आपल्याकडे मात्र अचानक लाली दिसली तर गोळीचाही संशय घ्यावा. दारू सोडवण्यासाठीची डायसल्फिराम हेच एन्झाइम बंद पाडते. काही घरांत ती नवऱ्याच्या जेवणात गुपचूप मिसळतात. गांजलेल्या मायबहिणींना आम्ही दोष देत नाही, पण रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. १९५६ साली बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतली दारूबंदीची प्रतिज्ञाही ज्याने-त्याने स्वतःच घ्यायची आहे. गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला सांगूनच द्यावी. ती थांबवल्यावरही दोन आठवडे परिणाम राहू शकतो. त्या काळात कोणी प्यायला आणि उलट्या, चक्कर, धाप सुरू झाली तर १०८ ला फोन करा, गोळीचे नाव लपवू नका.