शेवटची कोरी पानं

चित्रं काढणारं पोर आपली वही पुढे करतं, आपण दोन पानं उलटतो आणि म्हणतो, ‘छान’. वही परत जाते. पोराला बरं वाटतं, पण पुढचं चित्र काढताना त्या ‘छान’चा त्याला काडीचा उपयोग नसतो. त्याला विचारायचं असतं, हा माणूस धावतोय असं वाटतं का? चौथ्या चौकटीत हसू येतं का? पण असं विचारायचं कुणाला?

ह्या प्रश्नाचा एक फार मनोवेधक इतिहास आहे आणि तो जपानमधला आहे. आपल्याकडे नातवंडं ज्या डोरेमॉनसमोर बसल्याशिवाय घास घेत नाहीत, त्या निळ्या मांजराचा जन्मही ह्याच इतिहासाच्या पोटातून झाला.

दुसरं महायुद्ध हरलेला देश. शहरं जळालेली, कागदाची टंचाई. युद्धापूर्वी मुलांच्या एका गाजलेल्या मासिकाचे संपादक असलेले केनइची कातो ह्यांनी १९४७ च्या अखेरीस ‘मांगा शोनेन’ नावाचं मासिक काढलं. मांगा म्हणजे चित्रकथा, शोनेन म्हणजे मुलगा. ओसामु तेझुका ह्यांची जंगलच्या राजाची चित्रमालिका त्यात १९५० पासून आली आणि देशभरची पोरं वेडी झाली. पण माझ्या मते त्या मासिकाचं खरं मोल होतं वाचकांनी पाठवलेल्या चित्रांच्या पानांत. खेड्यापाड्यांतली मुलं शाईनं चित्रकथा काढून पाठवायची. निवडक छापल्या जायच्या. पुढे नाव काढलेले कितीतरी लोक ह्या पानांवर पहिल्यांदा दिसतात. लेइजी मात्सुमोतो तिथलेच, चित्रकार तादानोरी योकोओ तिथलेच, आणि गंमत म्हणजे कादंबरीकार यासुताका त्सुत्सुईसुद्धा.

तेझुकांनी त्याच मासिकात चित्रकथा कशी काढावी ह्याचे धडे लिहिले. पुढे आलेल्या चित्रांवर अभिप्राय देण्याचं काम हिरोओ तेरादा ह्या तरुणाकडे आलं. त्याच्या सदराच्या नावाचा अर्थ होता ‘चित्रकथांचं प्रगतिपुस्तक’. शाळेतल्या प्रगतिपुस्तकाचा धसका घेतलेली मुलं ह्या प्रगतिपुस्तकाची मात्र वाट पाहायची!

तरीही महिन्यातून एकदा छापून येणाऱ्या चार ओळी किती पुरणार? मियागी प्रांतातल्या शोतारो इशिनोमोरी नावाच्या शाळकरी मुलानं त्यावर तोड काढली. मासिकात ज्यांची चित्रं आवडली त्या मुलांना त्यानं पत्रं धाडली आणि मंडळ जमवलं. मंडळाचा अंक निघू लागला. त्याचं नाव ‘शाईचा एक थेंब’. हे नाव मासाओका शिकी ह्या हायकूकाराच्या एका लेखमालेचंही होतं. कवीकडून नाव घेतलं म्हणून मला ह्या पोराविषयी जरा जास्तच माया वाटते.

हा अंक छापला जात नसे. आपल्या शाळा-कॉलेजांत हस्तलिखित निघायचं, तसाच तो प्रकार. सगळ्यांची मूळ चित्रं एकत्र शिवायची, एकच प्रत, आणि ती टपालानं एकाकडून दुसऱ्याकडे फिरायची. भिशीचा नंबर लागावा तसा प्रत्येकाचा नंबर लागणार. अशा फिरत्या अंकांत मागे अभिप्रायासाठी पानं राखलेली असत. अंक हाती आला की वाचायचा, त्या कोऱ्या पानांवर मत लिहायचं आणि पुढच्या पत्त्यावर रवाना करायचा.

ह्या व्यवस्थेत एक शहाणपण आहे. मत देणाऱ्याचं स्वतःचं चित्र त्याच अंकात शिवलेलं असतं. त्यामुळे उगाच टपली मारून पळून जाता येत नाही आणि नुसतं ‘छान’ लिहून सुटकाही नाही. पुढल्या फेरीत तुमच्याही पानावर कुणी तसंच ‘छान’ लिहील ना! शिवाय समोर मूळ कागद असतो. खोडलेली रेघ, पांढऱ्या रंगानं झाकलेली चूक, सगळं उघडं. छापील पानावर जे लपतं ते इथे लपत नाही.

उर्दू शायरीत ह्याच्या जवळ जाणारी एक रीत आहे, इस्लाह. शागिर्दानं गझल पाठवायची, उस्तादानं शब्द बदलून परत करायची. मिर्झा गालिब हे काम टपालानं करायचे. मुन्शी हरगोपाल तफ्ता हे त्यांचे लाडके शागिर्द, आणि त्यांना लिहिलेल्या पत्रांत कवितेच्या दुरुस्त्या आणि घरगुती गप्पा हातात हात घालून चालतात. फरक एवढाच की इस्लाहमध्ये एक वर असतो, एक खाली. इशिनोमोरीच्या मंडळात सगळेच शागिर्द होते.

त्या मंडळात फुजिओ आकात्सुका नावाचा एक तरुण होता. आधी पाट्या रंगवायच्या दुकानात राबलेला, मग तोक्योत रसायनांच्या कारखान्यात कामाला. १९५६ साली तो आणि इशिनोमोरी तोक्योतल्या तोकिवासो नावाच्या लाकडी चाळीत राहायला आले. चाळच म्हणायची, कारण एकेकाला एकेक खोली, संडास सामायिक. एका खोलीत तेझुका राहून गेले होते. तीच खोली १९५४ मध्ये हिरोशी फुजिमोतो आणि मोतोओ आबिको ह्या जोडीनं घेतली होती. डोरेमॉनचे जनक ते हेच फुजिमोतो. आणि चाळीतले थोरले दादा होते प्रगतिपुस्तकवाले तेरादा.

आकात्सुकाचं तिथे काही जमेना. इशिनोमोरीला कामावर काम मिळत होतं, आणि हा धंदा सोडण्याच्या बेतात आलेला. त्यानं आपली चित्रकथा तेरादांपुढे ठेवली. तेरादांनी ती नीट वाचली आणि सांगितलं, तू ह्यात फार कोंबलंयस, एवढ्या मालात कितीतरी गोष्टी होतील. एक धर, बाकीच्या सोड. ही हकिकत आकात्सुकानंच पुढे सांगितली. तेरादांनी त्याला पैसेही उसने दिले, हे विसरू नये. रिकाम्या पोटी कुठलाच अभिप्राय गळी उतरत नाही. १९६२ मध्ये आकात्सुकाची सहा जुळ्या भावांची विनोदी मालिका सुरू झाली आणि तो देशभर गाजला.

तेरादांनी चित्राला चांगलं-वाईट म्हटलंच नाही. काय काढून टाकायचं तेवढं सांगितलं. तेझुकांची तऱ्हा वेगळी. १९५२ साली फुजिमोतो आणि आबिको आपली ‘बेन-हर’ घेऊन ताकाराझुकाला त्यांच्या घरी गेले. तेझुकांनी कौतुक केलं आणि मग स्वतःच्या एका चित्रकथेचे कागद दाखवले. हजाराच्या आसपास पानं काढून त्यातली निम्म्याहून कमी छापलेली! पोरांना जे कळायचं ते कळलं.

पण एकाच माणसाच्या हाती प्रगतिपुस्तक असण्यात धोका असतोच. तेरादांना मुलांसाठी निर्मळ, सालस चित्रकथा हव्या होत्या. काळ बदलला, मारामारी आणि थरार आला, तो त्यांना सोसेना. ते हळूहळू ह्या धंद्यातून बाजूला झाले. १९८१ मध्ये त्यांनी ‘मांगा शोनेन’चा इतिहास ग्रंथरूपानं सिद्ध केला आणि १९९२ मध्ये ते वारले. मूळ मासिक १९५५ मध्येच बंद पडलं होतं.

ती उणीव भरून काढायला तेझुकांनी १९६७ मध्ये ‘कॉम’ काढलं. कॉमिक्स, कंपॅनियन आणि कम्युनिकेशन ह्या तीन शब्दांचं ते आद्याक्षर-नाव. नवोदितांची चित्रं, त्यांवर परखड अभिप्राय, गावोगावच्या मंडळांच्या शाखा, असा मोठा पसारा त्यात होता. ताकेमिया केइको ही शाळकरी मुलगी तिथे छापली गेली. त्याच ताकेमियाबाई पुढे क्योतोच्या सेइका विद्यापीठात चित्रकथा शिकवू लागल्या आणि २०१४ ते २०१८ ह्या काळात विद्यापीठाच्या अध्यक्ष होत्या.

‘कॉम’ही १९७१ च्या अखेरीस थांबलं. मग पोरांनी संपादकाची वाट पाहणंच सोडलं. २१ डिसेंबर १९७५ रोजी तोक्योतल्या एका सभागृहात ३२ मंडळांनी टेबलं मांडून स्वतः छापलेल्या चित्रकथा विकायला ठेवल्या. सुमारे ७०० जण आले, त्यांत शाळकरी मुली पुष्कळ. हा ‘कोमिकेत’ नावाचा बाजार. चित्र चांगलं की वाईट हे आयोजक ठरवणार नाहीत, आणि इथे कुणी गिऱ्हाईक नाही, सगळे सहभागी, असा त्याचा दंडक. २०१९ च्या डिसेंबरात तिथे चार दिवसांत साडेसात लाख माणसं येऊन गेली.

तिथे टेबलामागे स्वतः चित्रकार बसलेला असतो. समोरचा अनोळखी माणूस वही उचलतो आणि चाळू लागतो. तो कुठल्या पानावर थांबला, कुठे हसला आणि कुठून भरभर पुढे गेला, हे टेबलामागच्याला बसल्या जागी दिसतं.