रायगडावरील राजपत्रांचा साचा
महाड तालुक्यातील रायगडावर ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाल्यावर राजपत्रांचा नवा साचा रूढ झाला: आरंभी राज्याभिषेक शक व तिथी, मग ‘क्षत्रियकुलावतंस’ या बिरुदासह राजाचे नाव, पुढे ज्यास लिहावयाचे त्याचे नाव व हुद्दा, नंतर मजकूर आणि अखेरीस मोर्तब, म्हणजे पत्र संपल्याची खूण असलेला लहान शिक्का. साचा स्वतः कोणालाच धाडला जात नसे. पत्रे त्यातून निघत. जँगो या वेब-चौकटीत २०११ पासून पानांचे सामाईक वर्तन पायाभूत वर्गात ठेवून प्रत्यक्ष पाने उपवर्गांकडून घडवली जातात, ती याच जातीची व्यवस्था होय. मात्र रायगडी साच्यात अधिकाराची साक्षही गुंफलेली असल्याने पत्र अस्सल की बनावट, हे संशोधक आजही त्यावरून पारखतात.