लाकूडतोड्यांची परिभाषा आणि संरक्षक साधनांचा इतिहास

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील अरण्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वृक्षतोडीचा धंदा भरभराटीस आला. तेथील लाकूडतोड्याजवळ कुऱ्हाड व दोघांनी ओढावयाची करवत असे. अंगरक्षणार्थ मात्र जाड कपडे व खिळ्यांचे बूट यांपलीकडे फारसे काही नसे. संकटांविषयीचे ज्ञान त्याच्या बोलीत साठविलेले होते.

मोडून शेंड्याकडे अडकलेल्या फांदीस ही बोली ‘विडोमेकर’, म्हणजे ‘विधवा करणारी’, म्हणते. वाऱ्याने वा घावांच्या हादऱ्याने ती निसटते आणि बुंध्याशी गुंतलेल्या माणसास तिची चाहूलही लागत नाही. हे नाव आकारावरून नव्हे, तर परिणामावरून पडले आहे. त्यात मृताऐवजी त्याच्या घरच्या स्त्रीचा निर्देश आहे. ‘बार्बर चेअर’ ही संज्ञा मात्र आकारावरून आली. झुकलेले झाड काप पुरा होण्याआधीच उभे चिरते, चिरलेला भाग मागे उसळून तोडणाऱ्यावर आदळतो आणि उरलेला खुंट न्हाव्याच्या उंच पाठीच्या खुर्चीसारखा दिसतो.

साधने संकटांच्या मागून आली. महायुद्धातील पोलादी शिरस्त्राणावरून सुचून सॅन फ्रान्सिस्को येथील बुलार्ड कंपनीने १९१९ साली खाणकामगारांसाठी कॅनव्हास व सरस यांची कडक टोपी काढली. अशा टोप्या पुढे अरण्यांतही रूढ झाल्या. आंद्रेआस श्टिल याने १९२६ मध्ये जर्मनीत विजेची साखळी-करवत सिद्ध केली. दुसऱ्या महायुद्धानंतर एकट्याने पेलावयाची पेट्रोल-करवत सर्वत्र पसरली. तिने श्रम हलके केले. परंतु पात्याचे टोक कशास लागताच ती उलट उसळू लागली, आणि मोडण्यापूर्वीची लाकडाची करकर तिच्या आवाजात बुडाली. उसळण्यावर १९७० च्या दशकात साखळी-ब्रेकचा उपाय निघाला. साखळीत गुंतून ती अडविणाऱ्या तंतूंची आवरणे पायांसाठी आली.

अमेरिकेच्या १९९४ च्या संघीय नियमांनी शिरस्त्राण व पायांची आवरणे आवश्यक ठरविली. त्याच नियमांनी शेजारच्या कामगारांत झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर राखण्यास आणि ‘डेंजर ट्री’, म्हणजे धोक्याचे झाड, आधी पाडण्यास किंवा खूण करून टाळण्यास सांगितले. जड फांदीचा आघात टोपीने आवरत नाही, हेच त्यातून सूचित होते. कायद्याची संज्ञा अधिक व्यापक आहे. तरी कामास हात घालण्यापूर्वी वर पाहावे, ही शिकवण जुनाच शब्द अधिक नेमकेपणाने देतो. साधने बदलूनही तो अरण्यांत आजही प्रचारात आहे, याचे कारण हेच असावे.