गुणतक्त्याच्या तळाशी राहिलेली गाणी

स्वीडनच्या ‘अ‍ॅबा’ या चमूने ६ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडमधील ब्रायटन येथे ‘वॉटर्लू’ गाऊन युरोव्हिजन गीतस्पर्धा जिंकली, हे पाश्चात्त्य पॉप संगीताच्या बहुतेक चाहत्यांना ठाऊक असते. त्याच रात्री अवघे तीन गुण मिळवून शेवटच्या क्रमांकाचे वाटेकरी झालेले एक पोर्तुगीज गाणे मात्र फारसे कोणाच्या स्मरणात राहिले नाही. अठरा दिवसांनी लिस्बनच्या एका रेडिओ केंद्रावरून तेच गाणे वाजले, लष्करी तुकड्यांना सज्ज होण्याचा संकेत मिळाला आणि जवळपास अर्धशतक टिकलेली हुकूमशाही दुसऱ्या दिवशी कोसळली. स्पर्धेतील गुण आणि गाण्याचे पुढचे आयुष्य यांचा संबंध किती पातळ असतो, याचे यापेक्षा ठळक उदाहरण सापडणे कठीण.

युरोपातील प्रसारण संस्थांच्या संघाने १९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे ही स्पर्धा प्रथम भरविली. सात देश, प्रत्येकाची दोन गाणी आणि विजेती यजमान देशाचीच लिस आसिया, असा तो आटोपशीर मामला होता. पुढे प्रत्येक देशाला एकच गाणे आणि गाण्याला तीन मिनिटांची मर्यादा, हा शिरस्ता पडला. आजवर दीड हजारांहून अधिक गाणी या मंचावर सादर झाली. त्यांतील विजेत्यांची यादी पाऊणशेच्या आतली. उरलेल्यांपैकी बरीच गाणी विसरली गेली ते योग्यच झाले, हेही प्रांजळपणे सांगायला हवे. सवंग चाली आणि निरर्थक धृपदे यांची या स्पर्धेत कधीच वाण नव्हती. तरीही जुना गुणतक्ता खालून वर वाचण्याची सवय लावून घेतली, तर हाती बरेच काही लागते.

याचे एक कारण गुणदानाच्या पद्धतीत आहे. १९७४ साली प्रत्येक देशाचे दहा परीक्षक होते आणि प्रत्येकाने आपल्या सर्वांत आवडत्या एका गाण्याला एक मत द्यायचे होते. दुसऱ्या पसंतीला किंमत शून्य. एखादे गाणे सर्वच परीक्षकांना दुसऱ्या क्रमांकाचे वाटले असते, तर त्याला एकही गुण मिळाला नसता. ‘अ‍ॅबा’ला मिळालेले गुण होते चोवीस, म्हणजे साऱ्या युरोपात चोवीस परीक्षकांचे ते सर्वांत आवडते गाणे होते. पोर्तुगालच्या तीन गुणांचा अर्थही त्याच हिशेबाने लावावा लागतो. १ ते ८, १० आणि १२ अशी आज रूढ असलेली गुणपद्धत १९७५ पासून आली. भाषेचाही अडसर होताच. १९६६ ते १९७२ आणि पुन्हा १९७७ ते १९९८ या काळात प्रत्येक देशाला स्वतःच्याच भाषेत गाणे बंधनकारक होते. अपरिचित भाषेतील शब्दप्रधान गाणे परीक्षकांपर्यंत पोहोचणार तरी कसे?

पहिला क्रमांक हुकलेली काही गाणी अर्थात जगाने स्वतःहून उचलली. १९५८ साली तिसऱ्या आलेल्या इटलीच्या दोमेनिको मोदुन्यो यांचे गाणे ‘व्होलारे’ या नावाने जगभर गाजले आणि पहिल्यावहिल्या ग्रॅमी सोहळ्यात त्याने दोन प्रमुख पुरस्कार पटकावले. त्या वर्षीचा विजेता कोण, हे आज मुद्दाम शोधावे लागते. १९६७ साली व्हिकी लिआंद्रोस हिने लक्झेंबर्गसाठी गायलेले, ‘प्रेम निळे आहे’ अशा अर्थाचे शीर्षक असलेले गाणे चौथे आले. पुढच्याच वर्षी पॉल मोरिया यांच्या वाद्यवृंदाने त्याची धून वाजवली आणि ती अमेरिकेत पाच आठवडे अग्रस्थानी राहिली. १९६८ साली लखनौत जन्मलेल्या क्लिफ रिचर्ड यांचे ‘काँग्रॅच्युलेशन्स’ अवघ्या एका गुणाने हरले. या गाण्यांना आपल्या शिफारशीची गरज नाही. खरा शोध त्यांच्याही खाली सुरू होतो.

पोर्तुगालची कहाणी जरा विस्ताराने सांगण्याजोगी आहे. गोव्याच्या इतिहासाशी तिचा धागा जुळतो म्हणून तर विशेषच. हा देश स्पर्धेत प्रथम उतरला तो १९६४ साली, कोपनहेगनमध्ये. भारतीय सैन्याने गोवा मुक्त केल्याला तेव्हा सव्वादोन वर्षे झाली होती आणि सालाझार यांच्या राजवटीने ते वास्तव मान्य केलेले नव्हते. त्या सोहळ्यात एक निदर्शक थेट रंगमंचावर चढला. फ्रँको आणि सालाझार यांच्यावर बहिष्कार घाला, असे त्याच्या हातातील फलक सांगत होता. पोर्तुगालचे गायक अंतोनियु काल्व्हारियु यांना शून्य गुण मिळाले.

पुढील दहा वर्षांत मात्र या स्पर्धेची राष्ट्रीय निवड फेरी हे पोर्तुगीज कवींसाठी एक विलक्षण व्यासपीठ ठरले. वृत्तपत्रांवर, पुस्तकांवर कडक सेन्सॉर असताना तीन मिनिटांच्या गाण्यात सूचकपणे बरेच काही सांगता येई आणि ते दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचे. कवी आरी दुश सांतुश यांनी ही संधी सर्वांत चांगली ओळखली. १९६९ साली सिमोने द ऑलिव्हेइरा यांनी गायलेले त्यांचे ‘देशफोल्यादा’ हे मक्याची कणसे सोलण्याच्या ग्रामीण प्रथेवर बेतलेले आहे. वरवर लोकगीताचा बाज, पण स्त्रीच्या देहसुखाचा त्यात इतका निःसंकोच उल्लेख होता, की सनातनी मंडळींचा संताप झाला. माद्रिदमध्ये त्याला चार गुण मिळाले, सोळांपैकी पंधरावा क्रमांक. परतलेल्या गायिकेच्या स्वागतासाठी लिस्बनच्या रेल्वे स्थानकावर मात्र प्रचंड गर्दी लोटली होती. ऑलिव्हेइरा यांचा खडा, किंचित रागीट स्वर आणि लोकसंगीताच्या अंगाने वर चढत जाणारी चाल ऐकताना ती गर्दी का जमली असेल, हे भाषा न कळताही उमगते. १९७३ साली याच कवीने फर्नांदु तोर्दू यांच्यासाठी ‘तोरादा’, म्हणजे बैलझुंज, लिहिले. झुंजीच्या रूपकाआडून राजवटीची यथेच्छ टर उडविलेली असूनही ते सेन्सॉरच्या नजरेतून निसटले, आणि स्पर्धेत दहावे आले.

यानंतरचे गाणे म्हणजे १९७४ चे ‘इ देपोइश दु आदेउश’. शीर्षकाचा अर्थ ‘आणि निरोपानंतर’. जुझे निझा यांचे शब्द, जुझे काल्व्हारियु यांचे संगीत आणि पाउलो दी कार्व्हाल्यू यांचा आवाज. गंमत अशी, की यात राजकारणाचा लवलेशही नाही. प्रेम संपल्यावर मागे राहिलेल्याचे हे मनोगत आहे. संथ सुरू होते आणि वाद्यवृंदाच्या साथीने हळूहळू भरत जाते. बंडाची तयारी केलेल्या लष्करी अधिकाऱ्यांना नेमके असेच गाणे हवे होते. नुकतेच स्पर्धेत गायले गेलेले, म्हणून रेडिओवर वाजणे स्वाभाविक. प्रेमगीत, म्हणून संशयाला जागा नाही. २४ एप्रिलच्या रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी ते प्रसारित झाले. मध्यरात्रीनंतर दुसऱ्या केंद्रावरून जुझे आफोन्सू यांचे ‘ग्रान्दोला, व्हिला मोरेना’ वाजले. तो मोहीम सुरू झाल्याचा संकेत होता. क्रांतीची ओळख या दुसऱ्या गाण्याशीच जोडली गेली, त्यामुळे स्पर्धेतले बापडे पहिले गाणे इथेही मागेच राहिले.

क्रांतीनंतरच्या सरकारने वसाहतींविषयीचे धोरण बदलले. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत झालेल्या करारान्वये पोर्तुगालने गोवा, दमण, दीव आणि दादरा व नगरहवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. त्या वेळी यशवंतराव चव्हाण भारताचे परराष्ट्रमंत्री होते आणि मारिओ सोआरेस पोर्तुगालचे. एका गाण्याने हे घडविले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, पण ज्या रात्रीपासून ही घटनांची मालिका सुरू झाली, त्या रात्रीचा पहिला सूर याच गाण्याचा होता. १९७५ साली पोर्तुगालने ‘मद्रुगादा’, म्हणजे पहाट, हे क्रांतीचे गाणे पाठविले. गायक दुआर्ते मेंदेस हे स्वतः त्या उठावात सहभागी झालेले लष्करी अधिकारी. क्रमांक एकोणीस गाण्यांत सोळावा. पोर्तुगालला पहिला विजय मिळायला २०१७ साल उजाडावे लागले.

ब्रायटनच्याच रात्री दुसऱ्या आलेल्या इटलीच्या गाण्याचे नाव होते ‘सी’, म्हणजे ‘होय’. मे महिन्यात इटलीत घटस्फोटाच्या कायद्यावर सार्वमत व्हायचे होते. या ‘होय’चा मतदारांवर प्रभाव पडेल, या धास्तीने तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने स्पर्धाच दाखविली नाही. फ्रान्सने तर राष्ट्राध्यक्ष पाँपिदू यांच्या निधनामुळे माघार घेतली होती. त्या देशाचे निवडलेले गाणे मंचावर आलेच नाही.

पोर्तुगालबाहेरही असा ऐवज आहे. १९८० साली नॉर्वेने पाठविलेले ‘सामीड आडनान’ म्हणजे ‘सामींची भूमी’, हे त्यांतले सर्वांत मोलाचे. आल्टा नदीवरील जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध सामी या आदिवासी समाजाने १९७९ मध्ये ऑस्लोत संसदेसमोर उपोषण केले होते. गाण्याला ती पार्श्वभूमी आहे. पॉप ढंगाच्या कडव्यांनंतर मात्तिस हेट्टा पारंपरिक ‘योइक’ गातो. योइक एखाद्या गोष्टीविषयी गात नाही, ती गोष्टच सुरांत उभी करतो, असे सामी लोक मानतात. या गाण्याला सोळावा क्रमांक मिळाला. धरण पुढे झालेच. सामी संसदही १९८९ मध्ये अस्तित्वात आली.

त्याच वर्षी मोरोक्को या स्पर्धेत पहिल्यांदा आणि आजवर एकदाच उतरला. समीरा बेनसईद या तरुणीच्या अरबी गाण्याला सात गुण मिळाले, तेही सारे इटलीकडून, आणि ती शेवटून दुसरी आली. हीच मुलगी पुढे समीरा सईद या नावाने अरब जगताची आघाडीची तारका झाली. १९८२ सालचा प्रसंग तर विचित्रच. जर्मनीच्या निकोलने गिटार घेऊन ‘थोडीशी शांतता’ मागितली आणि स्पर्धा जिंकली. फिनलंडच्या कोयो यांनी अणुबॉम्बच्या सावटाखाली झोपा काढणाऱ्या युरोपला रॉकच्या तालावर टोमणे मारले, त्यांना शून्य गुण मिळाले. विषय एकच होता, पण परीक्षकांना मृदू विनवणी भावली. त्यानंतरच्या वर्षी स्पेनची अनवाणी रेमेदियोस अमाया हिच्या फ्लामेंको ढंगाच्या गाण्यालाही शून्य. तिचा दाणेदार, फाटका वाटणारा गळा आज ऐकताना तो निकाल अविश्वसनीय वाटतो.

ही गाणी ऐकायची तर शक्यतो दोन्ही मुद्रणे मिळवावीत, स्टुडिओतले आणि स्पर्धेतले. १९९८ पर्यंत साथीला प्रत्यक्ष वाद्यवृंद असे, त्यामुळे चाल तीच असली तरी रंग निराळा भरतो. ‘इ देपोइश दु आदेउश’च्या बाबतीत तर ब्रायटनचे सादरीकरण आवर्जून ऐकावे. सुदैवाने बहुतेक वर्षांच्या चित्रफिती जतन झाल्या आहेत. अपवाद आहेत ते १९५६ आणि १९६४ या दोन वर्षांचे. त्यांचे संपूर्ण चित्रमुद्रण उपलब्ध नाही, ध्वनिमुद्रण आणि काही तुकडे तेवढे उरले आहेत. कोपनहेगनमध्ये काल्व्हारियु कसे गायले, ते त्यामुळे आज ऐकता येते, पाहता येत नाही.