पीडीएफ-आकारसंक्षेप

पीडीएफ फाइलमधील चित्रे पडद्यावर सुवाच्य राहतील इतपत राखून तिचे आकारमान घटविण्याची क्रिया. अडोबी कंपनीने १९९३ मध्ये प्रसृत केलेल्या आणि २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या या फाइलप्रकारात मजकुराचा भार नगण्य असतो. भार असतो तो चित्रांचा, आणि स्कॅन केलेल्या दप्तराचे तर प्रत्येक पान हेच एक चित्र असते.

भंडारा जिल्ह्यातील मालगुजारी (जमीनदारीसारख्या सारावसुली पद्धतीच्या) अमदानीचे वाजिब-उल-अर्ज उदाहरणादाखल घ्यावे. तलावाचे पाणी, चराई, सरपण यांवरील गावकऱ्यांचे हक्क ज्यात नमूद, त्या दस्तऐवजाचे ए-फोर आकाराचे एक पान इंचास ३०० बिंदू या घनतेने रंगीत स्कॅन केल्यास सुमारे ८७ लाख बिंदूंचे, म्हणजे संकोचनापूर्वी २६ मेगाबाइटांचे होते. आणि त्यांतले बहुतेक बिंदू शाईचे नसून पिवळ्या पडलेल्या कोऱ्या कागदाचे, त्यावरील घड्यांचे व डागांचे असतात. घनता १५० वर आणली की बिंदू एकचतुर्थांश उरतात, आणि १२४० बिंदूंची ती रुंदी नेहमीच्या पडद्यास पुरते. घोस्टस्क्रिप्ट या प्रणालीतील ‘स्क्रीन’ नामक पर्याय मात्र ७२ पर्यंत खाली उतरतो, ज्यात अनुस्वार आणि गावनकाशावरील खसरा (भूखंड) क्रमांक विरून जातात. सबब नावाला न भुलता पडद्यावरील वाचनासाठीही १५० घनतेचा ‘ई-बुक’ पर्यायच पत्करावा.

छायाचित्रास जेपेग-पद्धती मानवते. ती चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन करून त्यांतील सूक्ष्म भेद गाळते, त्यामुळे अक्षरांच्या कडांभोवती मळकट छटा उठते. म्हणून आर. व्ही. रसेल यांनी संपादिलेल्या १९०८ च्या भंडारा गॅझेटियरसारख्या ग्रंथाची निव्वळ मजकुराची पाने कृष्णधवल करून फॅक्ससाठी सिद्ध झालेल्या ‘ग्रुप फोर’ पद्धतीने, अक्षरहानीविना, आवळावीत. जेबिग-टू ही पद्धती याहून काटकसरी खरी. परंतु तिच्या एका प्रकारात सारख्या दिसणाऱ्या अक्षरांसाठी एकच ठसा वापरला जातो, आणि २०१३ मध्ये झेरॉक्स यंत्रांच्या प्रतींत आकडे बदलल्याचे याच कारणाने उघडकीस आले. महसुली अभिलेखास हा प्रकार सर्वथा वर्ज्य होय.

गाळलेले बिंदू पुन्हा मिळत नाहीत, तेव्हा मूळ स्कॅन दप्तरी ठेवून लघुप्रतच वितरित करावी. संगणकावर टंकलिखित केलेल्या पीडीएफला यांतले काहीच लागू नाही. तेथे जोडाक्षरांनी भरलेल्या देवनागरी फाँटमधील वापरात आलेली चिन्हे तेवढी ठेवणे पुरेसे असते.