तळटीप : निकाल न नोंदलेले लॉट

१२. मजकुरातली सदोष माल शोधणारी क्वेरी अपुरी आहे. एडगर कॉड यांच्या १९७० च्या रिलेशनल मांडणीवर आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी उभारलेल्या एसक्यूएल या भाषेत काय हवे एवढेच सांगायचे असते. कसे शोधायचे ते डेटाबेस ठरवतो. म्हणून अट काटेकोर हवी. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या एखाद्या ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचा तपासणी-तक्ता घ्या. ‘सिलेक्ट लॉट_नंबर फ्रॉम तपासणी व्हेअर निकाल <> 'पास'’ असे विचारले, की नापास लॉट मिळतात. पण निकालाच्या रकान्यात नल असलेले, म्हणजे निकालच न नोंदलेले लॉट गळतात. हा भाषेचा दोष आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो पटत नाही. अज्ञात निकाल ‘पास’हून वेगळाच आहे, असे मानणे हाही अंदाजच, आणि व्हेअर फक्त अट निश्चित खरी ठरलेल्या ओळी देते. सगळा तक्ता एक्सेलमध्ये घेऊन चाळावा, असेही सुचवले जाते. पण रिकाम्या रकान्याचा अर्थ तिथेही माणसालाच लावावा लागतो. तेव्हा ‘ऑर निकाल इज नल’ जोडावेच. न तपासलेला ब्रेक गाडीला लागू नये, ही जबाबदारी प्रश्न विचारणाऱ्याची आहे. — संपादक